पडद्यामागचे प्राचार्य

बीटल्स या इंग्लंडमधल्या बँडचे चार कलाकार जगाला ठाऊक आहेत. त्यांची व्हॅन चालवणारा नील अ‍ॅस्पिनॉल आणि त्यांची वाद्ये उचलून रंगमंचावर मांडणारा माल इव्हान्स ही नावे मात्र थोड्यांनाच माहीत असतात. अ‍ॅस्पिनॉल हा पॉल मॅकार्टनीचा शाळासोबती. पुढे बँड फुटला, तरी बँडची कंपनी तो २००७ पर्यंत सांभाळत राहिला. परेडच्या दिवशी टाळ्या ड्रम मेजरला मिळतात. ड्रमचे चामडे आदल्या संध्याकाळी कोणी ताणून ठेवले, हे फक्त स्टोअरच्या वहीला माहीत असते. तसेच हे.

अशा माणसाला मराठीत काय म्हणावे? मदतनीस म्हटले तर कमी पडते. उजवा हात म्हणणे बरे. आपल्या लखनौत असा एक मराठी उजवा हात होऊन गेला. फरक इतकाच, की तो एखाद्या बँडचा नव्हता, गाणे शिकवणाऱ्या एका कॉलेजचा होता. त्यांचे नाव श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. शिष्य त्यांना अण्णासाहेब म्हणत.

आउटपास मिळाल्यावर कैसरबागेत गेलेल्या कॅडेटांनी भातखंडे विद्यापीठाची पाटी पाहिली असेल. वाजिद अली शाहचा परीखाना होता ती ही जागा. पाटीवरचे पंडित विष्णु नारायण भातखंडे १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. व्यवसायाने वकील. गाणे घराण्यांच्या तोंडी होते आणि बाहेरच्याला सहज मिळत नव्हते. भातखंडे गावोगाव फिरले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या, लिहून काढल्या आणि छापल्या. राग दहा थाटांत मांडले. मग शिकवण्यासाठी कॉलेज हवे म्हणून राय उमानाथ बली आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या मदतीने १९२६ साली लखनौत कॉलेज उघडले. त्याला नाव मिळाले गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचे. गव्हर्नरसाहेब गात असल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

कॉलेज उघडणे हा एक दिवसाचा समारंभ असतो. ते रोज सकाळी उघडावे लागते, हे खरे काम. भातखंडे तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. १९२८ साली त्यांनी प्राचार्य म्हणून आपल्या शिष्याला बसवले. रातंजनकर तेव्हा तिशीच्याही आत होते.

हा शिष्य कारकुनी करण्यासाठी तयार झालेला नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. भातखंड्यांनीच त्याला बडोद्याला आग्रा घराण्याच्या उस्ताद फैयाज खाँसाहेबांकडे शिकायला धाडले होते. फैयाज खाँ म्हणजे मैफल जिंकणारे गवई. त्यांचा शागीर्द मैफलीतच रमला असता, तर कोणी नवल केले नसते. शिवाय मुंबईच्या विल्सन कॉलेजातून त्यांनी बी.ए. केले होते. म्हणजे उस्तादांपुढे बसायची अदब होती आणि वर्ग कसा चालतो याचीही माहिती होती. प्राचार्याला दोन्ही लागणार होते. कॉलेजात शिकवायला लखनौ घराण्याचे तबलानवाज आबिद हुसेन खाँ आणि सरोदिये सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे खानदानी कलावंत होते. आपल्या घरची विद्या घरच्या मुलांना देण्याची त्यांची परंपरा. इथे समोर सतरा घरची मुले, हातात वही आणि ठरलेला अभ्यासक्रम.

त्या वहीतली लिपी एकदा तरी पाहावी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. समेला फुली, खालीला शून्य. आमच्या ड्रिलच्या पुस्तकाइतके नेमके आहे. पण ड्रिलचे पुस्तक वाचून कोणाचे सावधान सुधारत नाही, उस्ताद समोर उभे असावे लागतात. मींड किती ओढायची, कोणत्या स्वरावर किती रेंगाळायचे, हे रेघाटिंबांत मावत नाही. भातखंड्यांचे पुस्तक आणि मुलांचा गळा यांमधले अंतर रातंजनकरांनी भरून काढले. १९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघात झाला आणि १९३६ मध्ये ते गेले. त्यानंतर प्रश्न विचारायला गुरू नव्हते, तरी कॉलेज चालू राहिले. रातंजनकरांनी पाव शतकाहून जास्त काळ ते सांभाळले. मधल्या वेळात 'सुजन' या नावाने बंदिशी रचल्या, सालगवराळीसारखा राग दिला. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग, सुमती मुटाटकर, दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट आणि सिनेसंगीतकार रोशन हे सगळे त्यांच्या हाताखालून गेले.

कॉलेजातून कलावंत निघत नाहीत, फक्त परीक्षा पास होणारे निघतात, असा एक जुना आक्षेप आहे. वरची नावे वाचून मला तो पटत नाही. पण एका गोष्टीचे वाईट वाटते. फैयाज खाँसाहेबांच्या या शागिर्दाच्या किती मैफली वेळापत्रकात आणि परीक्षांच्या गुणपत्रकांत गेल्या असतील?

आपल्यासारख्या वसतिगृहातल्या मुलांना जवळचा वाटेल असा त्यांचा शिष्य म्हणजे कृष्णा गिंडे, पुढचे पंडित के. जी. गिंडे. बेळगावजवळच्या बैलहोंगलचा मुलगा. १९३६ साली, अकराव्या वर्षी, घर सोडून लखनौला आला आणि रातंजनकरांच्या घरीच राहिला. आजही बेळगावहून लखनौ म्हणजे दोन दिवसांचा रेल्वे प्रवास. सहावीत इथे आलो तेव्हा पहिला आठवडा कसा जातो, हे आपल्यापैकी कोणालाही सांगावे लागणार नाही. गिंड्यांना घरी परत नेणारी टर्मएंडची तारीख ठरलेली नव्हती. ते तिथे मोठे झाले आणि त्याच कॉलेजात शिकवूही लागले.

रातंजनकरांना १९५७ साली पद्मभूषण मिळाले. लखनौनंतर त्यांनी खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. १९७४ साली ते वारले. मॅरिस कॉलेजचे नाव १९६६ मध्ये बदलून भातखंड्यांचे झाले, ते योग्यच झाले. रातंजनकरांचे नाव ना पहिल्या पाटीवर होते, ना दुसऱ्या. गिंडे मात्र मुंबईला गेले आणि १९६२ पासून शीव येथील वल्लभ संगीतालयात प्राचार्यांच्या खुर्चीत बसले.