उत्तर बाल्यावस्था : ‘मला जमतं’ म्हणण्याचं वय



मागच्या पाठात आपण पाच-सहा वर्षांपर्यंतची मुलं पाहिली. आज पुढची पायरी, साधारण ६ ते १२ वर्षं. अभ्यासक हिला उत्तर बाल्यावस्था म्हणतात. घरातल्या मोठ्यांचं या वयाकडे जरा दुर्लक्षच होतं. बोबडे बोल संपलेले असतात, वयात येण्याची काळजी अजून लांब असते. ‘शाळेत जातोय, जेवतोय, ठीक चाललंय’ एवढ्यावर आपलं भागतं. पण स्वतःविषयीचं एक मत मूल याच वर्षांत बनवत असतं : मला जमतं, की मला काही येत नाही. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या आपल्या ग्रंथात या वयातला झगडा ‘उद्यमशीलता की न्यूनगंड’ असा मांडला. या वयाच्या मुलाला खेळातलं खोटं काम पुरत नाही. त्याला खरं काम हवं असतं, आणि ते आपल्या हातून पुरं झालेलं बघायचं असतं.

*कौशल्यं*

या वयात शिकण्याची कौशल्यं चार प्रकारची सांगतात : स्वतःचं स्वतः करणं, दुसऱ्याला मदत करणं, शाळेतली आणि खेळातली. शाळेतल्यांची काळजी आपण शिकवणी लावून घेतो, खेळातली मुलं गल्लीत शिकतात. राहतात पहिली दोन, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. दहा वर्षांच्या मुलाची पाण्याची बाटली आई भरते, दप्तर आजी लावते, बुटाची नाडी बाबा बांधतात. का, तर ‘उशीर होतो’. खरं आहे, उशीर होतोच. पण आठव्या वर्षी पोळी वेडीवाकडी लाटली तर घर कौतुक करतं, अठराव्या वर्षी तीच वेडीवाकडी आली तर हसतं. शिकायला स्वस्त वय हेच आहे.

मनगटाची हाडं आणि बोटांचे बारीक स्नायू या वर्षांत हळूहळू पक्के होत असतात. सहाव्या वर्षी अक्षर ओळीबाहेर जातं, त्यात मुलाचा आळस नसतो. दहाव्या वर्षापर्यंत हात बराच बसतो, मात्र सराव हवा. समर्थांनी दासबोधात (दशक १९, समास १) अक्षर कसं काढावं याला एक अख्खा समास दिला आहे. ओळी सरळ हव्यात, कडेने जागा सोडावी, बोरू कसे निवडावेत, इतक्या बारकाईने. परमार्थाच्या ग्रंथात बोरू आणि चाकूची चर्चा! आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. हाताचं काम नीट करणं त्यांना किरकोळ वाटलं नाही.

आता कौतुकाविषयी. १९९८ साली म्युलर आणि ड्वेक या दोन संशोधिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस’. काहींना म्हटलं, ‘तू मेहनत घेतलीस’. पुढे ‘हुशार’ म्हटलेली मुलं अवघड कोडी टाळू लागली. एकदा अपयश आल्यावर त्यांचं कामही घसरलं, आणि आपले गुण सांगताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. ‘आमची ताई भारी हुशार’ हे चार पाहुण्यांसमोर म्हणताना हे जरूर आठवावं. तिला आता हुशारी सांभाळायची चिंता लागते. आणि शेजारी बसलेल्या धाकट्याने काय ऐकलं, हेही बघावं.

*भावना*

सहा वर्षांचं मूल रागावलं तर जमिनीवर लोळतं. नऊ-दहाचं तसं करत नाही, कारण मित्र ‘रडूबाई’ म्हणतील. ते गिळायला शिकतं. हे शिकणं आवश्यकच आहे, पण गिळलेलं कुठेतरी बाहेर येतं : दार आपटणं, धाकट्याला चिमटे, शाळेच्या दिवशी नेमकी पोटदुखी. भीतीचं रूपही बदलतं. अंधार आणि बागुलबुवा मागे पडतात. वर्गात हसं होईल, उत्तर चुकेल, गटात घेणार नाहीत, या भित्या येतात. त्यावर ‘एवढंसं तर झालं, त्यात काय!’ म्हटलं की दुसऱ्या वेळी मूल सांगतच नाही. उपाय म्हणाल तर भरपूर मैदानी खेळ, आणि दिवसातून एकदा, पाठीवर हात ठेवून, विचारपूस न करता नुसतं ऐकणं. रात्री दिवा मालवल्यावर मुलं जास्त बोलतात, हा बहुतेक आज्यांचा अनुभव आहे.

*मित्रांची टोळी*

या वयाला ‘टोळीचं वय’ असंही म्हणतात. आई-बाबांच्या शब्दापेक्षा गटातल्या पोरांचा शब्द वजनदार. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांत याचा एक खास पैलू आहे. इंदूर-ग्वाल्हेरला टोळीची भाषा हिंदी, बडोद्याला गुजराती, बेळगावकडे बऱ्याच ठिकाणी कन्नड. मग मित्रांसमोर आईने मराठीत हाक मारली की मूल ओशाळतं, उत्तर दुसऱ्याच भाषेत देतं. पुष्कळ घरांत यावरून रोज खटके उडतात. आमचं मत असं, की हा मराठीचा तिरस्कार नसतो. वेगळं दिसायची भीती असते. चारचौघांत ‘मराठीत बोल’ म्हणून दटावलं तर भाषेशी लाजच जोडली जाते. त्यापेक्षा मराठी बोलणारी चार मुलं एकत्र खेळतील अशी सोय करावी. टोळीच मराठीत बोलू लागली की प्रश्न उरत नाही.

टोळीला दुसरी बाजूही असते. १९५४ च्या उन्हाळ्यात मुजफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट केले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी सुरू झाल्या. एकत्र जेवण आणि सिनेमा यांनी काही भागलं नाही. पाण्याची सोय बंद पडली, मालमोटार अडली, आणि ती सगळ्यांनी मिळून दोराने ओढली, तेव्हा कुठे वैर निवळत गेलं. (पाणी आणि मोटार संशोधकांनीच अडवली होती. मुलांना न सांगता असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) आपल्या मेळाव्यांत मुलांच्या स्पर्धाच फार असतात, बक्षीस तिघांना आणि हिरमोड तिसांचा. त्याऐवजी पंगतीत पाणी वाढणं, चपलांची रांग लावणं ही कामं वेगवेगळ्या गावांच्या मुलांना मिळून द्यावीत.

मुलींच्या बाबतीत एक सूचना. काहींच्या शरीरात आठव्या-नवव्या वर्षापासून बदल सुरू होऊ शकतात. ते वेळेआधी आईने, मावशीने किंवा काकूने मोकळेपणी सांगावं.

*या आठवड्याचा अभ्यास* : घरातलं एक खरं काम मुलाला पूर्णपणे सोपवावं. फुलझाडांना पाणी, रविवारचे पोहे, आजोबांच्या गोळ्यांची आठवण, काहीही. सात दिवस मध्ये पडू नये, पुन्हा करून दाखवू नये. पोहे चिकट झाले तर चिकट खावेत. काय घडलं ते चार ओळींत गटावर कळवावं. मुलाचं नाव किंवा फोटो मात्र त्याला विचारल्याशिवाय टाकू नये.