धूर-नियंत्रित भागांत लांकडाची शेगडी कशी निवडावी

आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांचे मुलगे व मुली आज परिचारिकेच्या अथवा दुसऱ्या कामाकरितां इंग्लंडांत राहतात. तेथील हिवाळ्यांत घर ऊन ठेवणें ही मोठ्या खर्चाची बाब आहे, आणि जुन्या घरांत भिंतींत बांधलेली आगटी आयतीच असते. म्हणून "ह्या आगटींत लांकडाची शेगडी बसवावी काय, व कोणती घ्यावी?" असा प्रश्न त्यांजकडून घरच्यांस, व घरच्यांकडून आम्हांस येतो. खेड्यांत राहून ह्याचें उत्तर कसें द्यावें असें कोणास वाटेल. परंतु ज्यांचा जन्म चुलीपुढें गेला त्यांस ह्या प्रश्नाचें मर्म शहरांतील दुकानदाराहून लौकर कळतें, अशी आमची समजूत आहे.

आरंभींच एक भेद ध्यानांत घ्यावा. धूर घराबाहेर घालविणें ही एक गोष्ट, व धूर होऊंच न देणें ही दुसरी. आपल्याकडे सुधारलेल्या चुलींचा प्रसार करणारांनीं प्रथम पहिल्या गोष्टीकडे लक्ष दिलें. वर्ध्याच्या मगनवाडींत निघालेल्या मगन चुलीस धुराडें जोडलेलें असे. तें स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांतला धूर छपरावर नेऊन सोडी. खेड्यांत घरें विरळ व वारा मोकळा, त्यामुळें एवढ्यानेंहि पुष्कळ सुख झालें. पण जेथें लाखों धुराडीं एकमेकांस लागून उभीं आहेत, तेथें छपरावर सोडलेला धूर जातो कोठें? तो शेजाऱ्याच्या खिडकींतून आंत येतो. लंडन शहर हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलें.

सन १९५२ च्या डिसेंबर महिन्याच्या ५ तारखेस त्या शहरावर दाट धुकें उतरलें. वारा पडला होता; जमिनीजवळच्या थंड हवेवर ऊन हवेचा थर झांकणासारखा बसला होता; आणि थंडीमुळें घरोघर दगडी कोळसा अधिकच जळत होता. त्या झांकणाखालीं धूर व गंधकाचा विषारी वायु कोंडून राहिला. ९ तारखेस वारा सुटेपर्यंत कांहीं ठिकाणीं चालणारांस दिवसाढवळ्या स्वतःचे पाय दिसेनासे झाले, बसगाड्या बंद पडल्या, आणि पशुप्रदर्शनासाठीं आणलेलीं कांहीं गुरें श्वास कोंडून मेलीं. त्या वेळच्या गणनेप्रमाणें नेहमींपेक्षां सुमारें ४,००० माणसें अधिक मेलीं. पुढील काळांतल्या अभ्यासकांनीं हा आंकडा १२,००० पर्यंत जातो असें दाखविलें आहे. त्यांत वृद्ध, तान्हीं मुलें व आधींच छातीचा विकार असलेले लोक पुष्कळ होते. शेजाऱ्याचा जीव जावा म्हणून कोणीहि आगटी पेटविली नव्हती. प्रत्येकानें आपल्या घरापुरती ऊब केली होती, व प्रत्येकाच्या धुराड्यानें आपला धूर नीट बाहेर नेला होता.

ह्या आपत्तीनंतर १९५६ सालीं तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यानें स्थानिक कौन्सिलांस आपल्या हद्दींतील भाग 'धूर-नियंत्रित' ठरविण्याचा अधिकार दिला. पुढें १९९३ च्या कायद्यानें तीच व्यवस्था चालू ठेविली; लंडनचा बहुतेक भाग व इतर पुष्कळ शहरें तीत येतात. अशा भागांत उघड्या आगटींत लांकूड जाळतां येत नाहीं. एक तर मान्य केलेलें निर्धूर इंधन वापरावें, नाहीं तर सरकारनें परीक्षा घेऊन सूट दिलेल्या शेगडींतच लांकूड जाळावें. धुराड्यांतून धूर निघाल्यास इंग्लंडांत कौन्सिल १७५ ते ३०० पौंड दंड करूं शकतें. आणि सूट नसलेल्या शेगडीसाठीं अमान्य इंधन विकत घेणारास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. स्कॉटलंड व वेल्स येथील नियम थोडे निराळे आहेत. तेव्हां पहिलें काम शेगडीच्या दुकानांत जाण्याचें नव्हे, तर आपलें घर अशा भागांत आहे किंवा नाहीं हें कौन्सिलास विचारण्याचें. घर भाड्याचें असेल तर मालकाची लेखी संमति त्याहूनहि आधीं.

दुसरें काम शेगडीचें नांव यादींत शोधण्याचें. तेथील पर्यावरण खात्यानें, ज्यास डेफ्रा म्हणतात, सूट दिलेल्या शेगड्यांची यादी प्रसिद्ध केलेली आहे. येथेंच पुष्कळ लोक फसतात. १ जानेवारी २०२२ पासून तेथें बाजारांत येणाऱ्या नव्या शेगडीस 'इकोडिझाइन' नांवाचे नियम पाळावे लागतात. त्यांत बंद तोंडाच्या शेगडीच्या धुरांतील कणांस दर घनमीटरास ४० मिलिग्रॅमांची मर्यादा आहे, व कार्बन मोनॉक्साइडासारख्या वायूंसहि मर्यादा आहेत. दुकानदार ती खूण दाखवून म्हणतो कीं, शेगडी नव्या नियमांस धरून आहे. त्याचें म्हणणें खोटें नसतें. पण ती खूण म्हणजे धूर-नियंत्रित भागांतील सूट नव्हे. दोन्ही परीक्षा निराळ्या आहेत, आणि एकींत उतरलेली शेगडी दुसरींत उतरलीच असें धरून चालूं नये. यादींत नुसतें कारखान्याचें नांव असून भागत नाहीं, नेमका तोच नमुना असला पाहिजे. आणि त्यापुढें कोणतें इंधन, कोणत्या अटीवर, हेंहि लिहिलेलें असतें तें वाचावें. वापरलेली शेगडी स्वस्त मिळते म्हणून घेणारांनीं तर यादी दोनदां पाहावी.

आतां शेगडीच्या पोटांत काय घडतें तें पाहूं, कारण यादींतील नांवें फार, आणि त्यांतून निवड करण्यास एवढें ज्ञान लागतेंच. लांकूड जळतें असें आपण म्हणतों. खरें पाहतां तापलेल्या कोरड्या लांकडाचा तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग प्रथम वायुरूप होऊन बाहेर पडतो, व आपणांस दिसणारी ज्वाळा त्या वायूची असते. मागें राहतो तो कोळसा. हा वायु पुरता जळाला तर त्याची पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड होतो, आणि डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं. तोच अर्धवट राहिला तर त्याचा धूर, डांबर व काजळी होते. चूल धुमसत असतां बाई फुंकणी घेऊन फुंकते, भपकन् ज्वाळा उठते, आणि धूर एकदम नाहींसा होतो, हें घरोघर पाहिलेलें आहे. तो धूर गेला कोठें? तो जळाला. धूर म्हणजे न जळलेलें सरपणच होय. ज्या धुराड्यांतून तो दिसतो त्यांतून मालकाचा पैसाहि जात असतो.

धूर जळावयास तीन गोष्टी लागतात: पुरेशी उष्णता, पुरेशी हवा, आणि दोन्ही मिसळून राहण्यास थोडा अवकाश. चांगल्या शेगडीची सारी रचना ह्या तिहींकरितां असते. तिच्या पोटाच्या भिंतींस उष्णता धरून ठेवणाऱ्या विटांचें अस्तर असतें, म्हणून जाळ थंड पडत नाहीं. माथ्याखालीं एक आडवी पाटी असते. ती वायूस सरळ धुराड्यांत पळूं न देतां जाळावरून फिरवून नेते. आणि हवा एकाहून अधिक वाटांनीं येते. एक खालून, मुख्यतः पेटवितांना लागणारी. दुसरी मागील बारीक छिद्रांतून किंवा कांचेच्या वरून, शेगडीच्या अंगानेंच तापत येणारी. ही तापलेली दुसरी हवा म्हणजे शेगडीच्या आंत कायमची बसविलेली फुंकणी समजावी. सूट मिळालेल्या पुष्कळ शेगड्यांत ही हवा पुरती बंद होऊं नये म्हणून अडसर ठेविलेला असतो. कांहीं लोक रात्रभर विस्तव टिकावा म्हणून तो अडसर काढून टाकतात, हें फार वाईट. आपल्याकडे निखारा राखेंत पुरून ठेवण्याची रीत आहे, तिला हा दोष लागत नाहीं, कारण निखाऱ्यांतील वायु आधींच निघून गेलेला असतो. नवीं लांकडें घालून हवा कोंडणें ही निराळीच गोष्ट. तो धुराचा कारखाना झाला.

मापाविषयींहि अशीच भूल पडते. मोठी शेगडी घेतली तर खोली लौकर ऊन होईल असें वाटतें. खोली लौकर ऊन होतेच. मग घरचीं माणसें घामाघूम होतात, हवा कमी करून जाळ दाबतात, आणि दाबलेला जाळ धुमसूं लागतो. लहान शेगडी मोकळ्या ज्वाळेनें जळत राहिली तर तिचा धूर ह्यापेक्षां पुष्कळ कमी. शेगडीची शक्ति किलोवॅटांत सांगतात. तेथील ढोबळ हिशेब असा कीं, खोलीची लांबी, रुंदी व उंची मीटरांत मोजून गुणाकार करावा, व त्यास १४ नें भागावें. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व अडीच मीटर उंच असेल तर ५० घनमीटर झाले. भागाकार साडेतीन किलोवॅटांच्या आसपास येतो. भिंती जुन्या व गार असतील तर थोडें अधिक, नव्या व बंदिस्त असतील तर कमी. अशा खोलींत आठ किलोवॅटांची शेगडी बसविणें म्हणजे चार माणसांच्या भातासाठीं पंगतीचें पातेलें चढविण्यासारखें आहे. शिवाय जुन्या घरांत पांच किलोवॅटांहून मोठ्या शेगडीसाठीं बाहेरची हवा येण्यास भिंतींत कायमचें भोंक ठेवावें लागतें, आणि त्यांतून थंडीहि येते. नव्या बंदिस्त घरांत असें भोंक लहान शेगडीसहि लागतें.

उत्तम शेगडी देखील ओल्या लांकडापुढें हात टेकते. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ अर्धें पाणी असूं शकतें, व तें उकळून घालविण्यांत जाळाची उष्णता संपून जाते. पावसाळ्यांत ओली बाभूळ चुलींत घातली म्हणजे काय होतें, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. इंग्लंडांत १ मे २०२१ पासून, दोन घनमीटरांहून कमी मापानें विकलेल्या सरपणांत पाणी २० टक्के किंवा त्याहून कमी असलें पाहिजे असा नियम लागू झाला, व त्यावर 'रेडी टू बर्न' म्हणजे जाळण्यास तयार अशी खूण असते. कोणी झाड तोडून फुकट लांकूड दिलें तर तें फोडून, वरून झांकून व बाजूंनीं मोकळें ठेवून दोन उन्हाळे वाळवावें. ओल मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें. तें तुकडा नव्यानें फोडून आंतल्या अंगास टोंचावें, कारण बाहेरचें अंग नेहमींच कोरडें भासतें. रंगविलेलें, कीड लागूं नये म्हणून औषध लाविलेलें, किंवा मोडक्या सामानाचें लांकूड घालूं नये. त्याच्या धुरांत शिसें व सोमल हे विषारी पदार्थ असूं शकतात.

इतकें सांगितल्यावर एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. यादींतील उत्तमांतली उत्तम शेगडीहि सर्वथा निर्धूर नाहीं. अडीच मायक्रॉनांहून बारीक, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या भागाएवढे, कण तिच्यांतून निघतातच. ते डोळ्यांस दिसत नाहींत, पण फुप्फुसांत खोल उतरतात. शेगडीचें दार उघडून लांकूड घालतांना त्यांतले कांहीं खोलींतहि येतात. इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या २०२२ च्या अहवालांत असें दाखविलें आहे कीं, इकोडिझाइनची शेगडीहि तितक्याच उष्णतेमागें गॅसच्या साधनापेक्षां सुमारें ४५० पट अधिक असे कण सोडते. म्हणून घर ऊन करण्यास गॅसचें किंवा विजेचें साधन चालू असेल, तर केवळ ज्वाळेच्या शोभेसाठीं शेगडी घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. घरांत किंवा लागून असलेल्या घरांत दमेकरी अथवा तान्हें मूल असेल तर तिचें नांवच काढूं नये. ज्यांस दुसरें साधन नाहीं, किंवा जें आहे तें परवडत नाहीं, त्यांच्यासाठीं वरील व पुढील सूचना.

बसविण्याचें काम स्वतः करूं नये. हेटाससारख्या संस्थेंत नोंदलेल्या कारागिराकडून करवून घ्यावें, म्हणजे तो कामाचा दाखला देतो. नाहीं तर कौन्सिलाच्या इमारत विभागास आधीं कळवावें लागतें. धुराड्याची उंची साडेचार मीटरांहून कमी असूं नये, नाहीं तर त्यास ओढ लागत नाहीं. नवी शेगडी बसविली म्हणजे त्या खोलींत कार्बन मोनॉक्साइडाची सूचना देणारी घंटा लावणें नियमानेंच भाग आहे. ह्या वायूस रंग नाहीं व वासहि नाहीं. दारें-खिडक्या लावून खोलींत शेगडी पेटती ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं मेलेलीं आढळतात, तीं ह्याच वायूनें. धुराडें वर्षांतून एकदां तरी झाडवून घ्यावें. आंत सांचलेली काजळी व डांबर पेट घेतें.

पेटविण्याची तेथील चांगली रीत आपल्या रीतीच्या अगदीं उलट आहे. मोठे तुकडे खालीं, त्यांवर बारीक काटक्या, आणि पेटवण सर्वांत वर. आग वरून खालीं उतरते, व खालच्या लांकडांतून निघणारा वायु वरच्या ज्वाळेंतून जातांना जळून जातो. त्या वेळीं हवा पुरती मोकळी ठेवावी, आणि पुढें एका वेळीं एक-दोनच तुकडे घालावे. पाव तास झाला म्हणजे कोट घालून बाहेर जावें व धुराड्याच्या टोंकाकडे पाहावें. तेथें नुसती थरथरणारी हवा दिसली तर ठीक आहे. निळसर किंवा करडा धूर दिसला तर आंत येऊन हवा अधिक सोडावी. तरीहि तो राहिला तर दुसरा तुकडा फोडून त्याची ओल मोजावी.