शेततळ्याचे अनुदान आणि आपली मदत



"पाणी अडवायला सरकार पैसे देते, मग आपल्या वर्गणीची गरज काय?" मंडळ्यांना भेटी देताना हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. एका कुटुंबाच्या शेततळ्याने मला त्याचे उत्तर शिकवले.

योजना काय होती?

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. वाहून जाणारे पावसाचे पाणी शेतातच साठवावे आणि पावसात खंड पडला की पिकाला एक-दोन वेळा ते द्यावे, हा हेतू. नावावर किमान 0.60 हेक्टर, म्हणजे सुमारे दीड एकर जमीन हवी. अनुदान जास्तीत जास्त 50,000 रुपये. त्यावरचा खर्च शेतकऱ्याचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना प्राधान्य होते.

कुठे अडले?

नंदुरबार जिल्ह्यातील एका भिल्ल कुटुंबाला मीच अर्ज करायला लावला. पहिली अडचण सातबाऱ्यावर निघाली: जमीन अजून आजोबांच्या नावे होती. वारस नोंद होण्यातच कित्येक महिने गेले.

मग कामाचा आदेश मिळाला. तीन महिन्यांत तळे पूर्ण करायचे होते. आगाऊ रक्कम नव्हती. काम झाल्यावर मोजमाप आणि त्यानंतर बँक खात्यात पैसे. जेसीबीवाल्याला मात्र रोख हवी होती. ही अट मी वाचली होती, पण ती त्या घराला कशी झेपेल हे विचारले नव्हते. त्यांनी बैलजोडी विकली. अनुदान आले, पण तोवर पेरणीचे दिवस उलटले होते. दुसऱ्याचे बैल मोकळे होईपर्यंत ते थांबले. तळे भरले आणि शेत उशिरा पेरले गेले.

"तुम्ही सांगितलं म्हणून केलं, भाऊ," एवढेच ते म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

यातून काय शिकावे?

असे अनुदान म्हणजे झालेल्या खर्चाची भरपाई. ज्याच्या गाठीला आधीच पैसा आहे, त्याला ते सहज मिळते. पुढे वैयक्तिक शेततळ्याचे कमाल अनुदान 75,000 रुपये झाले. पण आधी खर्च, मग पैसे, हा क्रम तोच राहिला.

म्हणून आता आपली मदत मधल्या काळासाठी वापरतो. तळ्याच्या खोदाईसाठी रक्कम उसनी देतो. अनुदान जमा झाले की ती परत येते आणि पुढच्या कुटुंबाकडे जाते. त्याच्याही आधी कागद पाहतो. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहितांच्या जमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. दोघांची नावे आहेत का, हे आम्ही आवर्जून तपासतो.

गटात विचार करा

1. आपण एखाद्याला योजना सुचवतो, तेव्हा तिचा पहिला खर्च कोण सोसतो?
2. आपल्या गावात कोणाची वारस नोंद राहिली आहे? तलाठ्याकडे त्यांच्यासोबत कोण जाईल?
3. परत येणारी मदत आणि दान, यांपैकी कोणती कुठे योग्य?

त्या कुटुंबाने पुढे पुन्हा बैल घेतले. तळ्याच्या बांधावर त्यांनी झाडे लावली आहेत. तिकडे गेलो की मी आधी गोठ्यात डोकावतो, मग तळे पाहतो.