सर्व्हर स्वस्त, वाट महाग: क्लाउड घेण्याआधी हे तपासा

दादरची पॅथॉलॉजी लॅब असो, गिरगावातलं सीएचं ऑफिस असो की लालबागचं गणेशोत्सव मंडळ, लॅमिंग्टन रोडवरून सर्व्हर आणण्यापेक्षा तो क्लाउडवर भाड्याने घ्या, असा सल्ला आता सगळ्यांना मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण कोटेशनमध्ये फक्त सर्व्हरचं भाडं लिहिलेलं असतं. डेटा ज्या वाटेने येतो-जातो, तिचं भाडं बहुधा लिहिलेलंच नसतं आणि बिल तिथेच फुगतं. खालचे आकडे ॲमेझॉनच्या मुंबई रीजनचे आहेत. डॉलर 85 रुपये धरला आहे आणि 18 टक्के जीएसटी वेगळा. दर बदलतात, म्हणून होकार देण्याआधी कंपनीच्या प्राइसिंग कॅल्क्युलेटरवर पडताळून घ्या.

आधी कागदपत्रं. पॅन, जीएसटी क्रमांक, ऑफिसचा पत्ता, कार्ड, मोबाइल. जीएसटी क्रमांक पहिलं बिल निघण्याआधी भरा, नाहीतर इनपुट क्रेडिटसाठी धावाधाव होते. कार्डवरून आपोआप होणारी 15,000 रुपयांवरची वसुली ओटीपीशिवाय जात नाही, म्हणून नोंदवलेला मोबाइल ऑफिसात असणाऱ्याचाच हवा. खातं तुमच्याच ईमेलवर उघडा. कन्सल्टंटच्या ईमेलवर उघडलंत, तर उद्या भांडण झाल्यावर सर्व्हर त्याच्या हातात राहतो. सर्व्हर बनवताना रीजन मुंबईच निवडलंय ना, तेही बघा. बऱ्याचदा पडद्यावर आधीच अमेरिकेतलं नाव निवडलेलं असतं.

आता माप. पंधरा-वीस माणसांच्या ऑफिसला 2 व्हीसीपीयू आणि 4 जीबी रॅमपासून सुरुवात पुरते. सर्व्हर थांबवून माप वाढवायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे "पुढे लागेल" म्हणून आजच दुप्पट घेऊ नका. दोन आठवडे वापर मोजा, सर्वात गर्दीच्या तासाचा आकडा बघा आणि मग ठरवा. एक खोच मात्र आहे. स्वस्त टी3 जातीचा सर्व्हर सतत जोरात चालवण्यासाठी नाही. या मापाला प्रत्येक व्हीसीपीयूचा 20 टक्के वापर भाड्यात धरलेला असतो. त्यावरचा सततचा वापर लिनक्सवर व्हीसीपीयू-तासाला 0.05 डॉलरने बिलात चढतो, कारण 'अनलिमिटेड' हा पर्याय आधीपासूनच चालू असतो. सर्व्हर दिवसरात्र पूर्ण जोरात चालला, तर हा चढावा मूळ भाड्याच्याही वर जातो.

आणि ती वाट. आतल्या सर्व्हरला इंटरनेटवर जाऊ देणारा नॅट गेटवे तासाला 0.056 डॉलर घेतो, म्हणजे महिन्याला सुमारे 3,475 रुपये, एकही फाइल न पाठवता. वर प्रत्येक जीबीमागे आणखी 0.056 डॉलर. रोजचा बॅकअप त्याच वाटेने एस3 साठवणीत जात असेल, तर 500 जीबीला 28 डॉलर उगाच गेले. एस3 साठी 'गेटवे एंडपॉइंट' जोडा. तो फुकट आहे आणि राउट टेबलमध्ये एक नोंद केली की काम होतं. खर्च कुठे लपलाय ते बघायचं असेल, तर कॉस्ट एक्सप्लोररमध्ये 'ईसी2-अदर' ही ओळ उघडा. नॅट आणि डिस्क दोन्ही तिथेच सापडतात.

खरं सांगायचं तर एकाच सर्व्हरच्या ऑफिसला नॅट गेटवे लागतच नाही. पब्लिक आयपी घ्या, फायरवॉलमध्ये फक्त लागणारे पोर्ट उघडे ठेवा. 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याला तासाला 0.005 डॉलर पडतात, म्हणजे महिना सुमारे 310 रुपये. दोन-तीन सर्व्हर असतील, तर एक अगदी छोटा सर्व्हरच नॅटचं काम करतो. पत्त्यासह हजाराच्या आत भागतं. तो बंद पडला की बाहेरची वाटही बंद, हे मात्र धरून चाला. रुग्णांचे रिपोर्ट मिनिटभरही अडून चालत नसतील, तर गेटवेचे पैसे भरा. तिथे काटकसर नको.

मंडळांनी हे नीट वाचावं. महिन्याला पहिले 100 जीबी फुकट, पुढे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला 0.1093 डॉलर. दर्शनाचं थेट प्रक्षेपण 2 एमबीपीएसने केलं, तर एका भक्ताला तासाला सुमारे 0.9 जीबी लागतात. 500 जण तासभर बघत राहिले की 450 जीबी, म्हणजे जवळपास 4,200 रुपये. दहा दिवसांत वर्गणीचा मोठा भाग त्यात जाईल. प्रक्षेपण यूट्यूबवर ठेवा, तुमच्या सर्व्हरवर फक्त वेळापत्रक आणि पावत्या. नव्या खात्याला सर्व्हरची मर्यादाही कमी असते. ती वाढवून घ्यायचा अर्ज गणपतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, श्रावणातच करा.

सर्व्हर बंद केला तरी डिस्कचं आणि राखून ठेवलेल्या आयपीचं भाडं चालूच राहतं. काम संपल्यावर दोन्ही काढून टाका आणि 'बजेट'मध्ये ठरावीक रकमेचा इशारा पहिल्याच दिवशी लावा. तो फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही.