चाकू दुसऱ्याच्या हातात होता, तरी जन्मठेप?

प्रश्न : चौघांच्या चाकूहल्ल्यात एकाचा जीव गेला. माझा भाऊ निःशस्त्र होता, तरी त्यालाही जन्मठेप झाली. अपिलात आशा आहे का?

उत्तर : आहे, पण ‘वार मी केला नाही’ एवढ्याने भागणार नाही. समान इरादा सिद्ध झाला, की दंड संहितेच्या कलम ३४नुसार (नव्या न्याय संहितेत ३(५)) सारेच खुनाला जबाबदार ठरतात. मात्र सोबत असणं म्हणजे इरादा एक असणं नव्हे. १९४५ साली महबूब शाह खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय) तर प्रत्येकाचा इरादा सारखा असणं आणि तो सगळ्यांनी मिळून ठरवलेला असणं, या भेदावर खुनाची शिक्षा रद्द केली. म्हणून साक्षी बारकाईने वाचून घ्या : भावाने मृताला धरलं होतं, की तो नुसता उभा होता? चाकूची त्याला आधी कल्पना होती का? उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस आहे. वकील परवडत नसेल, तर तिथल्या विधी सेवा समितीकडे आजच अर्ज करा.