कोलोनचा पाऊस आणि आजीचे शब्द

मुलांनो, ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही लंडनहून ब्रसेल्सला गाडी बदलून जर्मनीतल्या कोलोन शहरी गेलो होतो. बरोबर साताऱ्याहून आलेली आजी होती. (तिच्या व्हिसाची कथा पुन्हा कधीतरी!) दोन दिवस हाती होते आणि दोन्ही दिवस पाऊस. ऱ्हाईन नदी, तिच्यावरचा कुलपांनी लगडलेला रेल्वेचा पूल, सगळं छत्रीखालूनच पाहिलं.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कॅथीड्रल. मान दुखेपर्यंत वर पाहावं लागतं, कारण मनोरे १५७ मीटर उंच आहेत. बांधकाम सुरू झालं १२४८ मध्ये, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधी. सोळाव्या शतकात ते थांबलं ते थांबलंच. अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवायची लाकडी यारी तीनशेहून अधिक वर्षं तशीच उभी होती. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० मध्ये पुरं झालं.

आमची मुलगी म्हणाली, "इट्स रेनिंग अगेन!"

"मराठीत सांग," आजी म्हणाली.

"पाऊस पडतोय."

"अगं, पण कसला?"

तिला उत्तर येईना. खरं सांगायचं तर आम्हालाही चटकन सुचलं नाही. इतकी वर्षं इंग्लंडच्या पावसात काढली, पण तो सगळा इंग्रजीतच पडला.

मग भिंतीच्या आडोशाला उभं राहून आजीने शाळा भरवली. छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडतो ती भुरभुर. संथ, एका लयीत पडते ती रिमझिम. अचानक येऊन जाते ती सर. मुसळासारख्या जाड धारा लागल्या की मुसळधार. दिवसच्या दिवस थांबत नाही ती झड. मध्येच थांबला तर उघडीप. आणि कौलांच्या कडेवरून ओळीने गळतात त्या पागोळ्या.

"त्या पागोळ्या का?" मुलीने वर बोट दाखवलं. उंचावर दगडी प्राणी माना पुढे काढून बसले होते आणि काहींच्या तोंडातून पाणी पडत होतं. नाही, या पागोळ्या नव्हेत. छपरावरचं पाणी दगडी पन्हळींतून गोळा होतं आणि या तोंडांतून भिंतीपासून लांब फेकलं जातं. तसं केलं नाही तर ते भिंतीवरून ओघळून दगडांच्या सांध्यांत मुरेल. जर्मन भाषेत यांना 'वासरश्पायर' म्हणतात, म्हणजे पाणी थुंकणारे. आजीने मात्र लगेच ओळखलं, "हे तर गोमुख! फक्त गायीच्या जागी राक्षस." कोरड्या दिवशी गेलो असतो तर नुसते पुतळे पाहून परतलो असतो.

भिंती काळ्याकुट्ट आहेत. आग लागली होती का, असं मुलीने विचारलं. तो काळेपणा मुख्यतः धुराचा, काजळीचा आणि हवेतल्या प्रदूषणाचा आहे. पण आगही या शहराने पाहिली आहे. ३० मे १९४२ च्या रात्री ब्रिटनच्या सुमारे हजार विमानांनी कोलोनवर बाँब टाकले. युद्ध संपेपर्यंत जुन्या शहराचा बहुतेक भाग पडला होता. कॅथीड्रलवरही बाँब पडले, तरी ते उभं राहिलं.

"म्हणजे आपली विमानं?" मुलीने विचारलं.

त्या 'आपली' शब्दाला काय उत्तर द्यावं, हे आम्हाला कळलं नाही. आजीही गप्प होती. पावसाचा आवाज तेवढा येत होता.

संध्याकाळी आजीच्या आग्रहाने अत्तराच्या दुकानात गेलो. आपल्याकडे ताप आला की कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवत, आठवतं? ते कोलन म्हणजे हेच गाव! फरिना नावाच्या इटालियन कुटुंबाने १७०९ मध्ये इथे दुकान काढलं. त्यांच्यातल्या योहान मारियाने हा सुगंध केला तो इटलीतल्या पावसानंतरच्या वसंतातल्या सकाळीची आठवण म्हणून. आजीने बाटली हुंगली आणि म्हणाली, "छान आहे. पण मृद्गंध नाही हा." मृद्गंध म्हणजे पहिल्या पावसात तापलेल्या मातीला येणारा वास.

घरचा अभ्यास: या रविवारी भारतात फोन कराल तेव्हा "पाऊस आहे का?" असं विचारू नका. "कसला पाऊस आहे?" असं विचारा आणि मिळालेला नवा शब्द वहीत लिहून आणा. आईबाबांनीही आणायचा आहे.