बैलाच्या दाढा, तपासणीची साधने व क्ष-किरण

बाजारात बैल घेताना शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, यांवरून वय ठरते व वयावरून किंमत. परंतु जनावर एकदा गोठ्यात आले, की त्याच्या तोंडाकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक वैरण दळली जाते ती दाढांनी, आणि अडचणीचा बिघाड होतो तोही तेथेच.

पूर्ण वाढलेल्या बैलास ३२ दात असतात. पुढचे ८ फक्त खालच्या जबड्यात. वर त्या जागी कठीण हिरडी असते. उरलेल्या २४ दाढा होत. खालचा जबडा अरुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड व खालच्यांची आतली कड झिजत नाही, ती धारदार होऊन गाल व जीभ कापते. हा दोष घोड्यात अधिक आढळतो, तथापि बैलातही होतो. असे जनावर मान कलती करून सावकाश चघळते, अर्धवट चावलेले बोळे गव्हाणीत टाकते व शेणात कडब्याचे लांब तुकडे पडतात. माझ्या पाहण्यातील एका बैलास मालकाने पेंड वाढवून दिली, जंताचे औषध पाजले, शेवटी तो विकावयास काढला. पशुवैद्यांनी दाढांची कड कानशीने घासताच तो वैरण पुरी खाऊ लागला व त्याच हंगामात पाभरीला चालला.

या कामास साधने थोडीच लागतात: जनावर उभे करण्यास खोडा, जबडा उघडा ठेवणारे लोखंडी साधन, बॅटरी, लांब दांड्याची कानस आणि पकड. काम मात्र पशुवैद्यांचेच. पुढचे दात बोटाने किंचित हलतात म्हणून ते उपटू नयेत; बैलाचे दात निसर्गतःच थोडे हलते असतात. गालाच्या आतील मऊ काटेही रोग समजून कापू नयेत.

एका बाबतीत मात्र हयगय नको. लाळ गळत आहे, गिळता येत नाही, हंबरण्याचा आवाज बदलला आहे, असे जनावर दिसताच घशात काही अडकले असेल या समजुतीने तोंडात हात घालू नये. ते लाळ्या-खुरकूत असू शकेल, तसेच पिसाळ रोगही असू शकेल. पिसाळ रोगाची लक्षणे उमटल्यावर माणूस सहसा वाचत नाही. खरचटलेल्या हातास, डोळ्यास अथवा तोंडास लाळ लागल्यास ती जागा वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, त्वचेस साबणही लावावा, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लसीसाठी जावे.

जबड्यावर सूज आली तर ती नुसती हाताने चाचपून कळत नाही. दाढेच्या मुळाशी पू झाला असेल, हाड मोडले असेल किंवा ॲक्टिनोमायकोसिस हा हाडाचा रोग असेल. काट्याने वा कुसळाने हिरडीस जखम झाली की या रोगाचे जंतू आत शिरतात. गाठ दगडासारखी कठीण असते व हलत नाही. अशा गाठीवर डाग देण्यात जनावराचे हालच होतात. रंटगेन यांनी १८९५ साली शोधलेल्या क्ष-किरणांनी येथे निवाडा होतो: रोगट हाड चित्रात सच्छिद्र, जाळीदार दिसते. आयोडाइडच्या औषधाने रोग आवरता येतो, पण फुगलेले हाड पूर्ववत होत नाही. म्हणून गाठ सुपारीएवढी असतानाच न्यावे.

गावच्या दवाखान्यात हे यंत्र सहसा नसते. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. जाताना लोखंडी साखळी काढून सुती दोराचे म्होरके घालावे, कारण धातू चित्रात हाड झाकतो. चित्र घेताना जनावर धरणाऱ्याने शिशाचा अंगरखा घालावा, फिल्मची पेटी हाताने धरू नये, आणि गरोदर स्त्रीने खोलीत थांबू नये.